सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या स्थानिक कलादालनांची राजकीय स्वायत्तता : मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कलेला मिळणारा राजाश्रय ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली औंध येथे उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय हे त्या परंपरेचे महाराष्ट्रातील एक उत्तम आणि उशिराचे उदाहरण होय. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. कोणती कलाकृती घ्यावी आणि ती कोठे मांडावी, हा निर्णय त्यांच्या अभिरुचीचा होता. अशा संग्रहालयाच्या स्वायत्ततेचा प्रश्न उद्भवत नसे, कारण पैसा, अधिकार आणि अभिरुची ही तिन्ही एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली होती. लोकशाहीत मात्र या तिहींची फारकत होते. पैसा करदात्याचा असतो, तो खर्च करण्याचा अधिकार शासनाकडे असतो आणि कलाकृतीचे मोल जाणण्याची क्षमता कलावंत व अभ्यासकांकडे असते. या तिघांचा परस्परसंबंध कसा असावा, हा सार्वजनिक कलादालनांपुढील मूलभूत प्रश्न आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा बहुधा एखाद्या वादाच्या निमित्ताने होते. चित्र उतरविले गेले, प्रदर्शन बंद पाडले गेले, वक्त्याला थांबविले गेले की अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा उपस्थित होतो आणि काही दिवसांनी तो विरून जातो. कलादालनाची घटना काय आहे, समिती कोण नेमते, तिचा निर्णय कोणावर बंधनकारक असतो, या रुक्ष वाटणाऱ्या बाबींकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः स्वायत्ततेचा निवाडा तेथेच होत असतो. प्रस्तुत निबंधात मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या, म्हणजेच 'एनजीएमए'च्या, २०१८-१९ मधील घडामोडींच्या आधारे हा विचार मांडला आहे. त्यास पूरक म्हणून ब्रिटनमधील स्थानिक कलादालनांचा अनुभव आणि मुंबई महानगरपालिकेच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण घेतले आहे.

स्वायत्ततेचे तीन घटक

'स्वायत्तता' हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात इतका सैल वापरला जातो की त्याची फोड करणे आवश्यक ठरते. कलादालनाच्या बाबतीत स्वायत्ततेचे तीन घटक मानता येतात : निधी, नेमणूक आणि निवड. निधी कोठून येतो आणि तो रोखण्याचा अधिकार कोणाला आहे, हा पहिला घटक. संचालक व समिती-सदस्य कोण नेमते आणि त्यांना कोण दूर करू शकते, हा दुसरा. कोणते प्रदर्शन भरवावे, कोणती कलाकृती विकत घ्यावी आणि कोणती भिंतीवर लावावी, हे कोण ठरविते, हा तिसरा.

सर्वसामान्य समज असा की राजकीय हस्तक्षेप म्हणजे तिसऱ्या घटकावर होणारा आघात. तसे प्रसंग घडले आहेत, हे खरे. २००० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील एका समूहप्रदर्शनातून सुरेंद्रन नायर यांचे इकेरसविषयक चित्र काढून घेण्यास सांगण्यात आले. अशोकस्तंभावर उभी असलेली नग्न मानवाकृती हे आक्षेपाचे कारण होते. सहभागी कलावंतांनी निषेध म्हणून आपली चित्रे मागे घेतली. हा हस्तक्षेप उघड होता आणि म्हणूनच त्याला उघड विरोधही करता आला. पहिल्या दोन घटकांवरील नियंत्रण मात्र दिसत नाही. ज्याची नेमणूक आपल्या हाती आहे त्याला आदेश देण्याची गरज पडत नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तो स्वतःच ताडतो. त्यामुळे उतरविलेल्या चित्रांची मोजदाद करून कलादालनाच्या स्वातंत्र्याचे मोजमाप करता येत नाही. जी चित्रे कधी लागलीच नाहीत, त्यांची नोंद कोठेच नसते.

मुंबईचे संग्रहालय आणि स्थानिकतेचा दावा

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची स्थापना १९५४ मध्ये दिल्ली येथे जयपूर हाउसमध्ये झाली. त्याची मुंबई शाखा १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत सुरू झाली, तर बंगळुरू शाखा २००९ मध्ये सुरू झाली. जॉर्ज विटेट यांनी आरेखित केलेले हे सभागृह १९११ सालचे. सभा, संगीताचे कार्यक्रम यांसाठी वापरले जाणारे आणि पुढे दुर्लक्षित झालेले हे सभागृह आधुनिक कलेसाठी मिळावे, यासाठी शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि मुंबईतील अन्य कलाप्रेमी मंडळींनी दीर्घकाळ प्रयत्न केले होते. म्हणजेच 'राष्ट्रीय' नाव धारण करणारी ही संस्था मुंबईत आली ती केवळ दिल्लीच्या निर्णयाने नव्हे. तिच्या मुळाशी या शहरातील कलावंतांची मागणी, एका दानशूर मुंबईकर घराण्याची वास्तू आणि सर ज. जी. कला महाविद्यालयापासून चालत आलेली कलाशिक्षणाची परंपरा होती.

या पार्श्वभूमीवर स्थानिक सल्लागार समितीचे महत्त्व लक्षात येते. मुंबईतील कलावंत, समीक्षक व जाणकार यांची ही समिती प्रदर्शनांविषयी सल्ला देत असे. तिच्यामुळे या शाखेला शहराशी जोडलेले राहता आले. मुंबईत घडलेल्या चित्रकारांच्या कारकिर्दीचा समग्र आढावा घेणारी सिंहावलोकनी प्रदर्शने हे या शाखेचे वैशिष्ट्य ठरले. व्यावसायिक गॅलरीला अशी प्रदर्शने सहसा परवडत नाहीत, कारण त्यांतील बहुतेक चित्रे विक्रीसाठी नसतात, ती अनेक संग्राहकांकडून गोळा करावी लागतात आणि त्यामागे वर्षांचे संशोधन असते. सार्वजनिक निधीचे प्रयोजन नेमके अशाच कामासाठी आहे.

तथापि या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचे अधीनस्थ कार्यालय आहे. संसदेच्या कायद्याने निर्माण झालेली ती स्वतंत्र संस्था नव्हे. साहजिकच तिच्या शाखेची सल्लागार समितीही नावाप्रमाणेच सल्लागार होती. ती नेमण्याचा, न नेमण्याचा आणि तिचा सल्ला मानण्या-न मानण्याचा अधिकार मंत्रालयाकडे होता. समितीचे वजन होते ते प्रघातामुळे आणि सदस्यांच्या प्रतिष्ठेमुळे. प्रघात सुरळीत चालू असेपर्यंत अधिकार आणि सद्भाव यांतील भेद कोणाच्या ध्यानात येत नाही.

फेब्रुवारी २०१९ : वादाचे स्वरूप आणि त्याचे वाचन

८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या संग्रहालयात प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. बरवे हे मराठी वाचकाला 'कोरा कॅनव्हास' या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे विशेष परिचित. वस्तू, आकार आणि अवकाश यांचा इतका शांत आणि मूलगामी विचार करणारा चित्रकार महाराष्ट्रात क्वचितच झाला. त्यांच्या निधनानंतर दोन तपे उलटत असताना हे प्रदर्शन भरत होते. समारंभात ज्येष्ठ अभिनेते-दिग्दर्शक आणि स्वतः कलाशिक्षण घेतलेले चित्रकार अमोल पालेकर यांचे भाषण होते. मुंबई व बंगळुरू येथील स्थानिक सल्लागार समित्या नोव्हेंबर २०१८ मध्ये बरखास्त झाल्याची माहिती असल्याचे त्यांनी सांगितले. स्थानिक कलावंतांच्या समितीने ठरविलेले हे अखेरचे प्रदर्शन ठरेल, यापुढचे निर्णय दिल्लीतून होतील, तसेच इमारतीतील बहुतांश दालने राष्ट्रीय संग्रहासाठी राखून केवळ घुमटाखालील दालन अन्य प्रदर्शनांना देण्याचा विचार आहे, असे मुद्दे त्यांनी मांडले. भाषण चालू असताना व्यासपीठावरून त्यांना वारंवार थांबविण्यात आले आणि बरवे यांच्याविषयीच बोलावे, असे सुचविण्यात आले. समित्यांची मुदतच संपली होती, असे स्पष्टीकरण नंतर शासकीय बाजूने देण्यात आले.

या घटनेची चर्चा देशभर झाली. मात्र तिचा रोख जवळजवळ संपूर्णतः एका गोष्टीवर राहिला : एका मान्यवर वक्त्याला बोलू दिले नाही. तो प्रकार अशोभनीय होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु वक्त्याला थांबविण्याचा प्रकार चर्चेच्या केंद्रस्थानी आल्यामुळे तो ज्या विषयावर बोलत होता तो विषय बाजूला पडला. 'समिती बरखास्त केली' आणि 'समितीची मुदत संपली' या दोन विधानांतील फरकाकडेही पुरेसे लक्ष दिले गेले नाही. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोहोंतून एकच निष्कर्ष निघतो. ज्या समितीची मुदत संपताच दुसरी समिती आपोआप अस्तित्वात येत नाही, ती बरखास्त करण्याची आवश्यकताच नसते. नवी नेमणूक लांबणीवर टाकली की काम होते. त्यासाठी कोणाला आदेश काढावा लागत नाही, कारण द्यावे लागत नाही आणि न्यायालयात आव्हान देता येईल असा निर्णयही कोठे नोंदविला जात नाही.

राष्ट्रीय संग्रह मुंबईत कायमस्वरूपी मांडण्याच्या कल्पनेचाही येथे स्वतंत्र विचार व्हावयास हवा. संस्थेच्या माहितीनुसार तिच्याकडे १७,००० हून अधिक कलाकृती आहेत. अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी रॉय यांची मूळ चित्रे मुंबईच्या किंवा नाशिक-कोल्हापूरच्या कलाविद्यार्थ्याला सहज पाहावयास मिळावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यामुळे कायम संग्रह हवा की बदलती प्रदर्शने हवीत, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे समर्थनीय ठरू शकतात. आक्षेपार्ह बाब अशी की हा प्रश्न ज्या शहराच्या सांस्कृतिक जीवनाशी निगडित आहे, त्या शहरातील कोणाचेही मत विचारात घेण्याचे बंधन निर्णय घेणाऱ्यावर नव्हते.

पुढील घटनाक्रमही प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभाई यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनांचे काय होणार, अशी चिंता त्या वेळी कलावर्तुळात व्यक्त झाली होती. पटवर्धन यांचे प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि गोभाई यांचे मार्च २०२० मध्ये याच संग्रहालयात भरले. म्हणजे व्यक्त झालेली भीती सर्वार्थाने खरी ठरली नाही. यावरून चिंता निराधार होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो योग्य नव्हे. प्रदर्शने झाली याचा अर्थ ती होऊ देण्यात आली. ती न होऊ देण्याचे ठरले असते तर त्यास अटकाव करणारी कोणतीही संस्थात्मक तरतूद नव्हती. कृपेने मिळालेली गोष्ट हक्काने मिळालेल्या गोष्टीसारखीच दिसते. दोहोंतील अंतर कृपा आटल्यावरच कळते.

केंद्रीकृत व्यवस्थेचे दुसरे टोक २०२३ मध्ये दिल्लीत दिसले. पंतप्रधानांच्या 'मन की बात' या नभोवाणी कार्यक्रमाच्या शंभराव्या भागाच्या निमित्ताने राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'जन शक्ती' हे प्रदर्शन भरविण्यात आले. त्यात देशातील नामवंत समकालीन कलावंत सहभागी होते. त्यांच्या कलाकृतींच्या गुणवत्तेचा येथे प्रश्न नाही. राष्ट्रीय संग्रहालयातील प्रदर्शनाचे सूत्र विद्यमान शासनप्रमुखाच्या कार्यक्रमावरून ठरावे काय, हा प्रश्न आहे. मंत्रालयाच्या अधीनस्थ कार्यालयाला त्यास नकार देण्याची सोयच नसते.

या विवेचनातून एखाद्याच पक्षाला दोषी ठरविणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. राष्ट्रीय अकादम्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी न्या. जी. डी. खोसला समिती १९७० मध्ये नेमावी लागली होती. हक्सर समितीचा अहवाल १९९० मध्ये आला. ललित कला अकादमी ही तर कागदोपत्री स्वायत्त संस्था. तरीही गैरकारभाराच्या तक्रारींचे कारण देऊन एप्रिल २०१५ मध्ये तिचा कारभार मंत्रालयाने आपल्या हाती घेतला. पक्ष बदलले, सरकारे बदलली, पण कलासंस्था आपल्या अखत्यारीतील खाते आहे ही शासकीय धारणा टिकून राहिली.

ब्रिटनचा अनुभव : अंतर आणि त्याच्या मर्यादा

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये शोधलेले उत्तर 'हातभर अंतराचे तत्त्व' म्हणून ओळखले जाते. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकाराने साकारलेल्या आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन या संस्थेला १९४६ मध्ये राजसनद मिळाली. शासनाने एकूण निधी द्यावा, तो कोणाला द्यावयाचा हे मात्र कौन्सिलने ठरवावे, असे या रचनेचे सूत्र. आपल्याकडील अकादम्यांच्या कल्पनेवरही या विचाराची छाया दिसते. परंतु हे तत्त्व आदर्श म्हणून उद्धृत करताना त्याचा स्थानिक पातळीवरील इतिहास पाहणे उद्बोधक ठरते, कारण तेथील अनेक कलादालने नगरपरिषदांच्या मालकीची आहेत आणि तेथे अंतर फारच थोडे उरते.

१९८८ च्या स्थानिक शासन कायद्यातील अठ्ठाविसाव्या कलमाने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा 'पुरस्कार' करण्यास मनाई केली. स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली ते रद्द होईपर्यंत त्याची छाया शाळा, ग्रंथालये आणि नगरपरिषदांच्या निधीवर चालणाऱ्या कलासंस्थांवर राहिली. या कलमाने कोणताही फौजदारी गुन्हा निर्माण केला नव्हता. तरीही काय दाखवावे आणि काय टाळावे, याविषयी सावधगिरी बाळगली गेली. संदिग्ध कायदा स्वयंनियंत्रणाला कसा जन्म देतो, याचा हा नमुना म्हणता येईल.

दुसरे उदाहरण नॉर्दम्प्टनचे आहे. तेथील नगरपरिषदेने आपल्या संग्रहालयातील सेखेम्का ही प्राचीन इजिप्शियन मूर्ती जुलै २०१४ मध्ये लिलावात १ कोटी ५७ लाख ६० हजार पौंडांना विकली. निर्णय लोकनियुक्त संस्थेचा होता आणि तो स्थानिकही होता. तरी संग्रहालयाच्या नीतिसंकेतांचा भंग झाल्याच्या कारणावरून आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने त्या संग्रहालयाची मान्यता काढून घेतली. स्थानिक नियंत्रण म्हणजे आपोआप कलेचे हित, हे समीकरण किती भाबडे आहे, हे यावरून दिसून येते. त्याचबरोबर बाहेरील व्यावसायिक मान्यतेची व्यवस्था असेल तर निदान चुकीची किंमत मोजावी लागते, हेही स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण निधीचे आहे. आर्थिक डबघाईला आलेल्या बर्मिंगहॅम नगरपरिषदेने २०२४ मध्ये प्रमुख कलासंस्थांचे अनुदान प्रथम निम्म्यावर आणण्याचे आणि पुढील वर्षी पूर्ण थांबविण्याचे ठरविले. त्यांत आयकॉन गॅलरीचाही समावेश होता. त्याच वर्षाच्या प्रारंभी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने आपल्या मार्गदर्शक सूचनांत राजकीय स्वरूपाच्या विधानांमुळे संस्थांना धोका पोहोचू शकतो, असा इशारा समाविष्ट केला आणि कलावंतांच्या टीकेनंतर त्यात सुधारणा केली. अंतर राखण्यासाठी निर्माण झालेली संस्थाच सावधगिरीचा सल्ला देऊ लागते, तेव्हा तत्त्व शाबूत असूनही त्याचा आशय झिजू लागतो. तरीही तेथे आणि येथे एक भेद राहतोच. कौन्सिलची सूचना लेखी होती, म्हणून तिच्यावर टीका करता आली आणि ती बदलून घेता आली.

महानगरपालिका, न्यास आणि भाड्याची दालने

पुन्हा मुंबईकडे वळल्यास भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एक वेगळी शक्यता दाखविते. १८७२ मध्ये जनतेसाठी खुली झालेली ही वास्तू महानगरपालिकेच्या मालकीची. पूर्वीच्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'ला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि 'इन्टॅक' यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वास्तूच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. मालकी सार्वजनिक, व्यवस्थापन न्यासाकडे आणि न्यासात महानगरपालिकेचेही प्रतिनिधित्व, अशी ही रचना आहे. एकोणिसाव्या शतकातील मातीच्या प्रतिकृतींच्या शेजारी जितीश कलाट यांच्यासारख्या समकालीन कलावंताचे प्रदर्शन २०११ मध्ये येथे भरू शकले, यामागे ही रचना आहे.

अर्थात तिलाही प्रश्न विचारता येतात. खासगी प्रतिष्ठानाचा सहभाग म्हणजे राजकीय प्रभावाच्या जागी धनिकांचा प्रभाव नव्हे काय? लोकनियुक्त प्रतिनिधींचा अंकुश किती असावा? मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपल्यानंतर पुढे काही वर्षे तेथे प्रशासकच कारभार पाहत होते. लोकप्रतिनिधींच्या द्वारे उत्तरदायित्व साधावयाचे तर ते प्रतिनिधी अस्तित्वात असावे लागतात, ही साधी गोष्टही त्या काळात गृहीत धरता आली नाही. तरीसुद्धा या रचनेचा एक गुण नाकारता येत नाही : तिच्यातील पक्षांचे हक्क आणि कर्तव्ये लेखी करारात आहेत. कोणी एकाने हात काढून घेतला तर तो निर्णय म्हणून दिसतो, त्यावर चर्चा होऊ शकते.

महाराष्ट्रातील अन्य शहरांची स्थिती याहून वेगळी आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीतील तेराव्या क्रमांकाची नोंद सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाची आहे. म्हणजेच अभिरुचीचे संवर्धन हा नगरपालिकेच्या कार्यकक्षेत येऊ शकणारा विषय आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कलादालन म्हणजे नाट्यगृहाला जोडलेली भाड्याची खोली असते. तेथे अभिरक्षक नसतो, संग्रह नसतो, निवड समिती नसते. नोंदणीच्या वहीत नाव लिहून अनामत रक्कम भरली की भिंती मिळतात. पहिल्या दृष्टिक्षेपात ही व्यवस्था पूर्णतः मुक्त वाटते, कारण कोणीच निवड करीत नाही. पण ज्या दिवशी एखाद्या चित्राविरुद्ध तक्रार येते, त्या दिवशी त्या चित्राच्या बाजूने बोलण्याची जबाबदारीही कोणावर नसते. कारकून वरिष्ठांकडे पाहतो, वरिष्ठ पोलिसांकडे पाहतात आणि चित्रकार आपली चित्रे गुंडाळू लागतो. ज्याने निवड केलेली असते तोच निवडीचे समर्थन करू शकतो. निवडीची यंत्रणा नसणे हा म्हणूनच स्वातंत्र्याचा अभाव ठरतो.

दोन आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पैसा जनतेचा असेल तर निर्णयही जनतेच्या प्रतिनिधींनीच घ्यावा. मूठभर जाणकारांना करदात्याच्या पैशावर आपली आवड लादण्याचा अधिकार कोणी दिला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठातील प्रश्नपत्रिका मंत्री काढत नाहीत आणि शासकीय रुग्णालयातील औषधयोजना नगरसेवक ठरवीत नाहीत. लोकप्रतिनिधींनी उद्दिष्टे ठरवावीत, अंदाजपत्रक मंजूर करावे, हिशेब तपासावेत. विशिष्ट निवड मात्र त्या विषयाच्या ज्ञानावर सोपवावी, हा विवेक अन्य क्षेत्रांत आपण मान्य केलेला आहे. कलादालनाच्या बाबतीत तो नाकारण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. स्थानिक समित्या म्हणजे गटबाजी, ओळखीपाळखी आणि एकमेकांची प्रदर्शने भरविण्याचा व्यवहार, असे म्हटले जाते. कलाक्षेत्राचा परिचय असणाऱ्या कोणासही या आरोपात काहीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. दक्षिण मुंबईतील वर्तुळाला खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातील चित्रकार किती ठाऊक असतात, हाही प्रश्न रास्त आहे. आदिवासी आणि दलित कलावंतांचे स्थान या समित्यांच्या विचारात किती असते, हेही विचारले पाहिजे. परंतु समिती सदोष आहे म्हणून ती नसावी, हा तर्क सदोष आहे. दोष समितीच्या बंदिस्तपणात असेल तर उपाय ती खुली करण्यात आहे. समिती नाहीशी केल्याने ओळखीपाळखी संपत नाहीत. त्यांचे स्थान तेवढे बदलते आणि ते शहरातील लोकांच्या नजरेआड जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. मुंबईच्या संग्रहालयाचे स्वातंत्र्य २०१८-१९ मध्ये हिरावले गेले, असे म्हणण्यापेक्षा ते लेखी स्वरूपात कधी दिलेच गेले नव्हते, हे त्या वर्षी उघड झाले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. प्रघातावर उभी असलेली स्वायत्तता प्रघात मोडणाऱ्याला रोखू शकत नाही. म्हणून स्थानिक सल्लागार समितीची रचना, तिचे अधिकार आणि कार्यकाल नियमबद्ध असावेत. सर्व सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपू नये, काही जण निवृत्त होत असताना काही कायम राहावेत. जुन्या समितीने नवी समिती येईपर्यंत काम पाहावे. तिचा सल्ला अमान्य करावयाचा असल्यास कारण लेखी नोंदवावे. सदस्यांत राज्याच्या निरनिराळ्या भागांतील कलाशिक्षक व अभ्यासक असावेत आणि कोणीही सलग दोनहून अधिक वेळा नेमला जाऊ नये.

यांपैकी पारदर्शकतेचा भाग तर नव्या कायद्याचीही वाट पाहणारा नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची माहिती आणि त्यांची इतिवृत्ते जनतेस उपलब्ध आहेत किंवा नाहीत, हे स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. संग्रहालये आणि नगरपालिकांची कलादालने या कायद्याच्या कक्षेत येतात. या तरतुदींचा कलाक्षेत्रात पाठपुरावा मात्र क्वचितच होतो.

येथे महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेचा इतिहास, मराठी साहित्य, राज्यशास्त्र व समाजशास्त्र शिकविणारे अध्यापक हा तेथील कलादालनाचा नैसर्गिक सल्लागार वर्ग आहे. आपल्या गावातील दालनाची नियमावली मागविणे, तेथे निवड समिती असावी असा आग्रह धरणे, भरलेल्या प्रदर्शनांची व नाकारलेल्या अर्जांची वर्षवार नोंद ठेवणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुशोधप्रकल्पांतून सहज होऊ शकतात. अशी नोंद दहा वर्षे ठेवली गेली तर कोणती चित्रे लागली याबरोबरच कोणती लागू शकली नाहीत, हेही प्रथमच सप्रमाण सांगता येईल.

बरवे यांच्या चित्रांचे समग्र दर्शन मुंबईला त्यांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी घडले. महाराष्ट्रातील अनेक चित्रकार अशा प्रदर्शनाच्या प्रतीक्षेत आहेत. त्यांपैकी कोणाची पाळी केव्हा येईल, हे कोणत्याही मंत्रालयाच्या किंवा वर्तुळाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, एवढीच सार्वजनिक निधीवरील कलादालनाकडून किमान अपेक्षा आहे.